थंड पाण्याचा जार की आइसबॉक्स? मॅश टनसाठी सोलापूरच्या बाजारातली भांडी तपासताना

लग्नाचा मांडव असो, यंत्रमागाचं शेड असो की क्लासचा जिना, खाली नळ असलेला १८-२० लिटरचा थंड पाण्याचा जार सोलापुरात कुठेही दिसतो. दोन प्लास्टिकच्या भिंती आणि मध्ये फोम, एवढीच त्याची रचना. उन्हाळ्यात बाहेरची उष्णता आत येऊ न देणारी ही भिंत आतली उष्णताही तितक्याच चिवटपणे धरून ठेवते. बिअरसाठी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, रस काढताना दळलेलं धान्य तासभर ६५ ते ६८ अंशांवर भिजत ठेवावं लागतं. ते काम करणाऱ्या भांड्याला मॅश टन म्हणतात. अमेरिकेतले घरगुती ब्रुअर त्यासाठी इग्लू किंवा रबरमेडचा १० गॅलनचा, म्हणजे साधारण ३८ लिटरचा, गोल कूलर वापरतात. आपल्याकडे त्या जागी काय चालेल, हे इथे पाहू.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. ‘घरच्यापुरतं केलं’ ही सबब तिथे चालत नाही. म्हणून हे परीक्षण गोड रस, म्हणजे वर्ट, निघेपर्यंतच आहे. यीस्ट घालण्याचं काम परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत छोटा घाणा लावून पाहणाऱ्यांनी करावं, किंवा जिथे मुभा आहे तिथल्या मराठी मंडळींनी. अमेरिकेत १९७८ च्या फेडरल कायद्याने आणि ब्रिटनमध्ये १९६३ पासून ती मिळाली आहे. इथे राहणाऱ्यांना रस आटवून माल्टचं सिरप करता येतं. दाटपणाला ते काकवीसारखं होतं, आणि ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याला ते किती आटवायचं हे सांगायला नको.

आता भांडी. थर्माकोलचा डबा पहिल्याच फेरीत बाद. गरम पाण्याने तो मऊ पडतो, नळाच्या भोकाशी चुरतो आणि आतून नीट धुता येत नाही. मासळी बाजारातला जुना आइसबॉक्स कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. प्लास्टिकमध्ये मुरलेला वास ७० अंशांच्या पाण्यात पुन्हा जिवंत होतो. केटरिंगवाल्यांचा चहाचा स्टीलचा दुहेरी भिंतीचा डबा उष्णता उत्तम धरतो, पण त्याच्या नळाचं भोक चहापुरतंच असतं. धान्याच्या चार टरफलांनी ते बंद पडतं, आणि पातळ स्टीलला मोठं भोक पाडून गळती थांबवणं हे प्रत्येक लेथवाल्याला जमणारं काम नव्हे. मग उरतात दोनच: गोल जार आणि झाकणाला बिजागरी असलेला चौकोनी आइसबॉक्स.

चौकोनी बॉक्स २५ पासून ५० लिटरपर्यंत मिळतो आणि दुकानदार मोठाच गळ्यात मारतो. चार किलो धान्यासाठी ५० लिटरचा बॉक्स म्हणजे तळाला धान्याचा पातळ थर आणि वर नुसती हवा. हवा जास्त, पृष्ठभाग जास्त, म्हणून उष्णताही जास्त जाते. शिवाय धान्याचा थर हीच रसाची गाळणी असते. तो किमान १०-१५ सेंटिमीटर जाड नसेल तर रस गढूळ येतो. आठ-दहा किलोंचा घाणा असेल तर मात्र चौकोनी बॉक्स बरा. अमेरिकेतल्या डेनी कॉन यांनी जी स्वस्त पद्धत लोकप्रिय केली, ती अशाच चौकोनी कूलरमध्ये बसवलेल्या स्टीलच्या जाळीच्या नळीवर चालते. तळाच्या कोपऱ्यात पाणी काढायचं बूच असलेला बॉक्सच घ्या. बूच नसेल तर भोक पाडावं लागतं आणि फोम उघडा पडतो.

तीन ते पाच किलोंच्या घाण्याला गोल जारच योग्य. नळाचं भोक तयार असतं, थर उभा आणि जाड बसतो, तोंड अर्धवट अरुंद असल्याने वाफ कमी जाते. आमचं मत जारच्या बाजूने आहे, पण सगळेच जार सारखे नाहीत. फरक भिंतीत फारसा नसतो, झाकणात असतो. भिंतीत बहुतेक जण फोम भरतात; झाकण पुष्कळदा पोकळ असतं. बोटाने टकटक केलं की पत्र्याच्या डब्यासारखा आवाज आला तर पोकळ, बद्द आवाज आला तर भरलेलं. पोकळ असलं तरी जार टाकून द्यायला नको. झाकणाला वरून ६ मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडून पीयू फोमचा स्प्रे थोडा थोडा सोडायचा. एकदम भरला तर फोम फुगून झाकण वाकवतो आणि मग ते बसतच नाही. आतल्या, म्हणजे वाफेच्या, बाजूला भोक पाडू नये.

दुसरी तपासणी आतल्या प्लास्टिकची. तळाला त्रिकोणात २ म्हणजे एचडीपीई (पॉलिथिलीन), ५ म्हणजे पीपी (पॉलिप्रॉपिलीन), दोन्ही चालतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ते नको. अन्नासाठीच्या पॉलिथिलीनला आयएस १०१४६ आणि पॉलिप्रॉपिलीनला आयएस १०९१० हे मानक आहे. डब्यावर किंवा कागदावर त्याचा उल्लेख सापडला तर निर्धास्त. खूणच नसलेला चकचकीत रंगीत आतला थर पाहिला की पुढच्या दुकानात जावं. जारवाल्याकडून जुना जार घेण्याचा मोह टाळा. नळाच्या भोकातून पाणी फोममध्ये शिरलेलं असतं, आणि ओला फोम उष्णता धरत नाही, वास मात्र धरतो. रिकामा जार त्याच मापाच्या नव्यापेक्षा जड लागला तर कारण तेच.

घरी आणल्यावर काहीही कापण्याआधी पाण्याची परीक्षा घ्या. ७० अंशांचं पाणी तीन-चतुर्थांश भरायचं, झाकण लावायचं, दहा मिनिटांनी तापमान पाहायचं आणि मग बरोबर एका तासाने. पहिली दहा मिनिटं सोडायची, कारण तेवढ्या वेळात भांडं स्वतः तापतं. तासाला दोन अंशांपर्यंत उतार आला तर जार पास. तीनच्या पुढे गेला तर झाकणाचा दोष धरा आणि वरून सोलापुरी चादर चौघडी करून पुन्हा मोजा. चादरीने आकडा सुधारला तर झाकण भरून घेणं फायद्याचं. इथलं हवामान या कामी मदतीला येतं. मे महिन्यात खोलीत ४० अंश असताना आतल्या ६७ शी फरक २७ अंशांचाच. हिवाळ्यातल्या सकाळी १८ अंश असताना तोच ४९. म्हणून मे महिन्यात पास झालेला जार जानेवारीतही पास होईलच असं नाही. परीक्षा थंडीत घेतलेली खरी.

नळ बदलणं अपरिहार्य आहे. जारचा मूळ प्लास्टिकचा नळ थंड पाण्यासाठीच केलेला असतो. गरम रसात त्याचा दट्ट्या सैल होतो आणि वायसर फुगतो. त्या जागी अर्ध्या इंचाचा एसएस ३०४ बॉल व्हॉल्व्ह. थ्री-पीस घेतला तर उघडून धुता येतो; वन-पीस स्वस्त पडतो, पण बॉलमागे साचलेला रस आंबत राहतो. या सगळ्या सामानात पैसे वाचवू नयेत अशी ही एकच वस्तू. सीपी म्हणजे क्रोम चढवलेली पितळेची फिटिंग नको, जीआय म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड तर मुळीच नको. रस आम्लधर्मी असतो आणि जस्त त्यात उतरतं. सूत रंगवण्याच्या कारखान्यांमुळे शहरात स्टीलच्या व्हॉल्व्हची वानवा नाही, पण डाय-हाउसमधून निघालेला जुना व्हॉल्व्ह कितीही भारी असला तरी या कामाला घ्यायचा नाही.

बाकी सामान: फुल थ्रेडचा एसएस निपल, दोन चेकनट, तीन-चार सिलिकॉनचे वायसर, एक होज निपल, एक एल्बो, दोन स्टीलच्या क्लिपा, टेफ्लॉन टेप आणि गिझरला लावतात तो स्टीलच्या जाळीचा २४ इंची कनेक्शन पाइप. निपल घेण्याआधी भिंतीची जाडी मोजा. दोन्ही बाजूंचे वायसर, चेकनट आणि व्हॉल्व्हचे आटे धरून जाडीपेक्षा चार सेंटिमीटर तरी लांब निपल हवा. आखूड आणला तर दुसरी फेरी ठरलेली. अर्ध्या इंचाच्या बीएसपी आट्याचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिलिमीटर असतो. जारचं भोक व्हर्निअरने मोजा. लहान असेल तर गोल कानसने हळूहळू वाढवा. ड्रिल मशिनने एकदम मोठं करायला गेलं की आतली भिंत तडकते. मोठं असेल तर रुंद वायसर. कापलेल्या कडेला फोम दिसत असेल तर तिथे फूड ग्रेड सिलिकॉन भरून २४ तास वाळू द्या. वायसर काळ्या रबराचा वापरू नका, गरम रसाला त्याची चव लागते.

जोडताना आतून चेकनट, वायसर, भिंत, वायसर, चेकनट, मग व्हॉल्व्ह. हाताने घट्ट आणि पान्याने पाव फेरा, एवढंच. जास्त आवळलं की मधला फोम दबतो, भिंत आत वाकते आणि वायसर एका कडेनेच टेकतो. गळतं म्हणून आणखी आवळावं तर आणखी गळतं. असा जार तक्रार घेऊन प्लंबरकडे गेला की तो सोल्यूशन लावून देतो; ते या भांड्यात चालत नाही.

रस गाळायला कनेक्शन पाइपमधून आपल्याला फक्त वरची जाळी हवी. दोन्ही टोकांचे नट कापा, जाळी दोन्ही बाजूंनी आत ढकला म्हणजे ती फुगते, आणि आतली रबरी नळी ओढून काढा. ताणून ओढलं तर जाळी नळीला आवळून बसते. स्वस्त पाइपांत स्टीलच्या तारांमध्ये ॲल्युमिनियमच्या किंवा नायलॉनच्या तारा विणलेल्या असतात, म्हणून ‘एसएस ३०४’ छापलेला पाइपच घ्या. नुसती जाळी धान्याच्या वजनाने चपटी होते. त्यासाठी दीड मिलिमीटरच्या स्टीलच्या तारेची पेन्सिलीवर गुंडाळून केलेली लांब स्प्रिंग आत सरकवा. मोकळं टोक तीनदा दुमडून क्लिपने बंद, दुसरं टोक होज निपलवर.

जारचा नळ तळापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर असतो, आणि २८ सेंटिमीटर व्यासाच्या जारमध्ये एवढ्या उंचीत दीड लिटर रस अडकतो. चार किलोंच्या घाण्यात हे नुकसान बोचणारं आहे. एल्बो आतून खाली वळवून जाळी तळाला टेकवली आणि शेवटी जारच्या मागच्या बाजूखाली लाकडी पट्टी सरकवली की अर्ध्या लिटरच्या आत येतं.

जाळीचा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी पिशवी आहे. पॉलिएस्टर वॉइल, म्हणजे पडद्याचं झिरझिरीत कापड, त्याची जारच्या आतल्या मापाची पिशवी शिवून धान्य तिच्यातच भिजवायचं. कापडाच्या शहरात हे काम तासाभराचं. फक्त सुती मांजरपाट किंवा मलमल नको. सूत भिजलं की फुगतं, भोकं बुजतात आणि रस थेंबथेंब येतो. पिशवी असली तर दळण थोडं बारीक चालतं, हा मोठाच फायदा, कारण दळण हीच सोलापुरातली खरी अडचण आहे. पिठाच्या गिरणीत माल्ट टाकला तर पीठच मिळतं, आणि पीठ आणि जाळी यांचं जमत नाही. गिरणीवाल्याला दगड सैल करून भरडा काढायला सांगा. दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत आणि टरफल शक्यतो अखंड राहावं. दळण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं चार किलोंवर ८० मिलिलिटर पाणी शिंपडून हाताने चोळलं तर टरफल चिवट होतं आणि तुटत नाही. रोलर मिल मिळाली तर फट एक मिलिमीटरच्या आसपास.

आता प्रत्यक्ष घाणा. १८ लिटरच्या जारला चार किलो पेल माल्ट बेताचा. किलोला तीन लिटर म्हणजे १२ लिटर पाणी. धान्य स्वतः किलोमागे सुमारे ०.६७ लिटर जागा घेतं, म्हणजे एकूण १४.७ लिटर. पाच किलो घालून काठोकाठ भरलेला जार ढवळता येत नाही, गुठळ्या आत राहतात.

पाणी किती गरम घ्यायचं याचा हिशोब सोपा आहे. किलोमागे जितके लिटर पाणी, त्या आकड्याने ०.४१ ला भागा. हव्या असलेल्या तापमानातून धान्याचं तापमान वजा करून त्याने गुणा. आलेला आकडा हव्या तापमानात मिळवा. ६७ अंश हवेत आणि मे महिन्यातलं पोतं ३६ अंशांवर असेल तर पाणी ७१.२ लागतं. जानेवारीत धान्य १८ वर असेल तर ७३.७. हा अडीच अंशांचा फरक लहान नाही. माल्टमधली अमायलेज ही एन्झाइम स्टार्चची साखर करतात: ६२-६५ च्या दरम्यान बीटा अमायलेज जोरात असतं आणि रस जास्त आंबणारा, हलका होतो; ७० कडे गेलं की अल्फा अमायलेजचं राज्य आणि रस जाडसर, गोडसर राहतो. सिरपवाल्यांना ६५-६६ बरं, अंगाने भरलेलं माल्टचं पेय हवं असेल तर ६८-६९.

हा हिशोब भांडं आधीच गरम आहे असं धरून आहे. म्हणून ७५-८० अंशांचं चार-पाच लिटर पाणी जारमध्ये दहा मिनिटं फिरवून ओतून द्या. उकळतं पाणी थेट ओतू नका. आतली भिंत फोमपासून सुटून फुगे धरते आणि मग कायमची तशीच राहते. गरम जारमध्ये आधी पाणी, मग धान्य मुठीमुठीने, सतत ढवळत. उलट केलं, आधी धान्य आणि वरून पाणी, तर तळाला कोरडी गुठळी ठरलेली. पाच मिनिटांनी तीन ठिकाणी तापमान घ्या. दोन अंश कमी भरलं तर ९०० मिलिलिटर उकळतं पाणी ढवळत घाला. इथे उकळबिंदू ९८ च्या थोडा वरच असतो, शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर असल्यामुळे. जास्त भरलं तर झाकण उघडून ढवळणं पुरतं; घाईने बर्फ टाकणारे नंतर वर चढवत बसतात.

तासाभराने चमचाभर रस पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून पंधरा-वीस मिनिटं. टरफलाचा तुकडा थेंबात असला तर तो काळा होतोच, त्याने फसू नका. तपासलेला रस फेकून द्या.

नळ आधी पाव उघडा. एकदम पूर्ण उघडला की धान्याचा थर जाळीवर आवळून बसतो आणि धार बंद पडते. पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात. ते थराला धक्का न लावता, वर थाळी ठेवून, परत ओतायचे. रस स्वच्छ झाला की मिनिटाला लिटरपर्यंत धार चालेल. धान्य किलोमागे एक लिटर पाणी धरून ठेवतं, म्हणून १२ मधून पहिल्या धारेत साडेसातच्या आसपास मिळतील. मग ६ लिटर ७५ अंशांचं पाणी, ढवळणं, दहा मिनिटं थांबणं, पुन्हा रस परत ओतणं आणि काढणं, असं दोनदा. धान्य धुण्याचं हे पाणी ७७ च्या वर नको आणि रसाचा पीएच ६ च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर टरफलातला तुरटपणा उतरतो. एकूण साडेएकोणीस लिटर, धान्यातल्या साखरेचा ७० टक्के उतारा धरला तर घनता १.०४३. तासभर उकळून साडेसोळा लिटर राहिले तर १.०५१. ८० ब्रिक्सचं, म्हणजे सुमारे ८० टक्के साखरेचं, सिरप करायचं असेल तर यातून साधारण पावणेतीन किलो निघतं, पण गॅसचा हिशोब आधी करा.

धार मध्येच अडली तर नळ बंद, थर खोलवर ढवळा, दहा मिनिटं बसू द्या, पुन्हा सुरू. नळातून तोंडाने फुंकणारे सापडतात. त्याने जाळी सुटते. गहू किंवा टरफल नसलेलं धान्य मिसळलं असेल तर स्वच्छ धुतलेलं भाताचं तूस एकूण वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत घाला.

मालदांडीचा हाच घाणा लावू का, असं इथे कोणीतरी विचारणारच. जारमध्ये नुसती ज्वारी जमत नाही. ज्वारीचा स्टार्च ६८ ते ७८ अंशांत फुलतो, आणि तेवढ्या तापमानाला तिची एन्झाइम टिकत नाहीत. शिवाय ज्वारीला टरफल नाही, म्हणजे गाळणी नाही. मोड आणलेल्या ज्वारीत सायनाइड तयार करणारा घटकही असतो. कोवळी ज्वारी जनावरांना का घालत नाहीत हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. ज्वारी वापरायचीच तर मोड न आणलेली, भरडून वेगळ्या पातेल्यात शिजवलेली, आणि बार्लीच्या माल्टबरोबर एक चतुर्थांशापर्यंत, तीही पिशवीत.

पाण्याबद्दल थोडक्यात. बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं, त्याने मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये बसत नाही आणि रस तुरट होतो. निम्मं आरओ मिसळा. नुसतं आरओ घेतलं तर २० लिटरला ४ ग्रॅम फूड ग्रेड जिप्सम, म्हणजे कॅल्शिअम ५० पीपीएमच्या जवळ येतं. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम नव्हे. नळाचं पाणी आदल्या दिवशी उकळून ठेवलं की क्लोरिन जातो.

ज्या उन्हाळ्याने मॅशला मदत केली तोच उकळलेला रस थंड करताना आडवा येतो. मे महिन्यात टाकीचं पाणीच तिशीच्या पुढे असतं, त्यामुळे रसात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून कितीही पाणी सोडलं तरी रस त्याच्या खाली उतरत नाही. चौकोनी आइसबॉक्स घेऊन ठेवला असेल तर त्याचा उपयोग इथे होतो: त्यात बर्फाचं पाणी आणि त्यात दुसरं वेटोळं, म्हणजे टाकीचं पाणी आधी तिथे गार होऊन मग रसातल्या वेटोळ्यात जातं. साध्या पाण्याने रस चाळीसवर आणायचा आणि मगच बर्फाकडे वळायचं. आधीच बर्फ घातला तर तो पहिल्या दहा मिनिटांत संपतो.

काम झालं की जार लगेच रिकामा करा. लिटरला पाच ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात वीस मिनिटं, मग साधं पाणी दोनदा, व्हॉल्व्ह उघडून वेगळा, आणि जार सावलीत उलटा. झाकण महिनाभर न लावलेलं चांगलं. चार किलोंच्या घाण्यातून पाच-सहा किलो ओला चोथा निघतो आणि इथल्या उन्हात तो संध्याकाळपर्यंत आंबतो. म्हैसवाल्याला आधीच सांगून ठेवा, आणि पहिल्या दिवशी कडब्यात मिसळून थोडाच घालायला सांगा.